पाच इसम, एक दोरी आणि मिरचीची पूड
खान्देशात टोळ्या कशा बनत आल्या, याची पार्श्वभूमी

खान्देशातल्या वर्तमानपत्राचं आतलं पान चाळणाऱ्याला ही बातमी पाठ असते. मध्यरात्री गस्तीवरच्या पथकाला अमुक फाट्याजवळ पाच इसम संशयास्पद स्थितीत मिळून आले. अंगझडतीत कटावणी, नायलॉनची दोरी, मिरचीची पूड, एक गावठी कट्टा. सोबत बिननंबरची दुचाकी. दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद.

पाचच का? दंड संहितेच्या ३९१ कलमात, म्हणजे आताच्या न्याय संहितेच्या ३१० मध्ये, दरोडा व्हायला किमान पाच माणसं लागतात. चौघांनी केली तर ती जबरी चोरी. शिवाय नुसत्या तयारीला शिक्षा आहे ती दरोड्याच्या. जबरी चोरीच्या तयारीला नाही. त्यामुळे चौघं सापडले की पाचवा बहुधा अंधाराचा फायदा घेऊन पळालेला असतो.

कायद्याला टोळी मोजता येते, पण ती जमली कशी हे मोजता येत नाही. खान्देशात तर हा प्रश्न दोनशे वर्षांचा आहे.

१८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात आला तो खान्देश उजाड होता. १८०२ नंतर होळकरांच्या फौजा इथून फिरल्या, पाठोपाठ दुष्काळ पडला, मग पेंढारी. कसदार काळ्या जमिनीची गावंच्या गावं ओस पडली. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगरांत भिल्ल नाईकांच्या टोळ्या होत्या आणि त्या खाली उतरून गावं लुटत. नव्या साहेबांनी याची नोंद ‘लुटारू जमात’ अशी केली आणि तोच शब्द पुढे शंभर वर्षं कागदोपत्री फिरत राहिला.

पण हे नाईक त्याआधी काय करत होते? राखण. गावाची रात्रीची गस्त, घाटाची चौकी, चोरीचा माग काढणं ही कामं त्यांची, आणि त्याबद्दल गावाकडून धान्य आणि रोख मिळण्याचा त्यांचा हक्क. घाटातून जाणाऱ्या मालावरही वसुली. गावं ओस पडली, वसुली बुडाली, तसे हक्क बुडाले. राखणदाराला रस्ते माहीत, कोणाच्या घरात काय आहे हे माहीत, हातात हत्यार आहेच. फक्त पगार थांबला. टोळी व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

ही गोष्ट पहिल्या इंग्रज अधिकाऱ्यांना कळली होती, हे त्यांचं श्रेय. कॅप्टन ब्रिग्जने एका हाताने डोंगराची रसद तोडली आणि दुसऱ्या हाताने शरण येणाऱ्या नाईकांना तैनात, म्हणजे ठरलेला तनखा, बांधून दिली. बंड तरी शमेना. मग १८२५ मध्ये जेम्स आउट्रामने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. त्याच डोंगरातले भिल्ल, काही तर कालपर्यंत ज्यांच्या मागावर फौज होती तेच, गणवेश घालून पगारावर राखणीला. आउट्रामच्या शिकारीच्या आणि धाडसाच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. मला त्यातला महिन्याचा पगार जास्त महत्त्वाचा वाटतो. लूटमार कमी झाली ती एका साहेबाच्या करिष्म्याने नव्हे, थांबलेली मिळकत पुन्हा सुरू झाली म्हणून.

उलटं उदाहरण खाज्या नाईकाचं. मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपूरच्या उत्तरेला सेंधवा घाट आहे, त्याची राखण त्याच्या घराण्याकडे होती. बापाच्या मागे हाही सरकारी चाकरीत घाट सांभाळत होता. तपासात एका संशयिताला मारहाण झाली, तो दगावला, खाज्याला शिक्षा झाली आणि नोकरी गेली. सुटून आल्यावर १८५७ च्या धामधुमीत साहेबांना त्याची पुन्हा गरज पडली आणि त्याला परत नेमलं. त्याच वर्षी खाज्याने बंड केलं आणि त्याच वाटेवर सरकारचा सात लाखांचा खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला लढाई झाली, कैक भिल्ल गोळ्या घालून मारले गेले. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर होता, आज त्याच्या नावाने जयंत्या होतात.

अशीच एक खजिन्याची लूट खान्देशात पुन्हा झाली. एप्रिल १९४४ मध्ये शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांचा सरकारी खजिना पळवला. माणसं पाचाहून जास्त, हत्यारं होती, म्हणजे कलमाच्या भाषेत सरळ दरोडा. तिथे आता स्मारक आहे.

पण बंडखोरांपेक्षा माझं लक्ष जास्त जातं ते १८७८ या सालाकडे. त्या एका वर्षात तीन कायदे आले. वन कायद्याने जंगलातलं लाकूड आणि चराई परवानगीची झाली. मुंबई अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळणं गुन्हा ठरलं. हत्यार कायद्याने बिनपरवाना शस्त्र ठेवणं गुन्हा ठरलं. तळोदा-अक्राणीकडचा माणूस आदल्या वर्षी जसा जगत होता तसाच त्या वर्षीही जगत होता, त्याने नवं काहीच केलं नव्हतं. मोळी आणली तर गुन्हा, होळीला दारू गाळली तर गुन्हा. रखवालदार, अबकारीचा शिपाई आणि फौजदार असे तिघं एकाच वेळी दारात. चोपड्याच्या सीमेपलीकडचं उमर्टी आज कट्ट्यांसाठी बदनाम आहे. तिथल्या शिकलगारांचं पिढीजात कामच हत्यारं घडवणं आणि धार लावणं हे होतं. कारागिरी हातात राहिली, कायदेशीर गिऱ्हाईक गेलं.

त्याच्या सात वर्षं आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता आणि पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ठरावीक जमातींत जन्मलेल्या माणसाने पोलिसांत नोंद करायची, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर दाखला घ्यायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर हा कायदा गेला. पण १९५९ च्या सराईत गुन्हेगार कायद्याने नोंदवही परत आली. जमातीऐवजी त्यात माणसाचं नाव, एवढा फरक. पारध्यांच्या पालावर विचारा, चोरी कुठेही होवो, पहिली गाडी त्यांच्याकडेच येते. ज्याला धरलंच जाणार आहे, त्याला न करण्यात फायदा काय, हा हिशेब पोरं फार लवकर शिकतात.

तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात याचा दुसराच तोडगा काढला. दारू सोडा, रोज आंघोळ करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा. हजारो भिल्ल सोमवारच्या आरतीला जमू लागले. ज्यांना सगळे ‘ए भिल्ला’ म्हणत, त्यांनी एकमेकांना आदराने हाक मारायची, ही गोष्ट वाटते तेवढी साधी नव्हती. दारूदुकानदार आणि जमीनदार दोघंही अस्वस्थ झाले.

मधल्या काळात जमिनी सावकारांकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. जमीन गेलेला माणूस त्याच जमिनीवर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, म्हणून राबत होता, आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत. २ मे १९७१ ला शहाद्याजवळ पाटीलवाडीत उपाशी आदिवासींनी धान्य मागितलं, नेलं, आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. एक जण मेला. धान्य नेणारे त्या वेळी ‘लुटारूंची टोळी’ ठरले. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंतींसारख्या कार्यकर्त्यांच्या कामाला जोर आला, श्रमिक संघटना उभी राहिली आणि मागणी झाली ती गेलेल्या जमिनीची. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. तोपर्यंत किती जणांना चोर म्हणून मार बसला असेल, त्याची वही कोणी ठेवली नाही.

‘टोळी’ शब्दाची धार अजून गेलेली नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात पाच भिक्षेकरी आले. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी. मोबाइलवर ‘मुलं पळवणारी टोळी’ फिरत होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. इथेही पाच, पण हे फक्त भिक्षा मागत होते.

आजची टोळी डोंगरात नाही, नदीत आहे. गिरणेच्या, तापीच्या, पांझरेच्या वाळूच्या चोरट्या उपशात. शहरांतही आहेच. जळगावात खान्देश मिलचा भोंगा बंद झाला, त्या जागेवर मॉल उभा राहिला, आणि ज्यांचे आजोबा पाळीवर जात त्या पोरांना मॉलबाहेर पार्किंगची पावती फाडण्याचं काम. मग कोणीतरी ‘भाऊ’ भेटतो. वाढदिवसाला चौकात तलवारीने केक, त्याचा व्हिडिओ, दुसऱ्या दिवशी हत्यार कायद्याखाली गुन्हा. त्या गुन्ह्याने पोराचं वजन वाढतं, कमी होत नाही.

नदीकाठच्या एका फाट्यावर असाच एक जण भेटला होता. एकोणीस-वीसचा असेल. चहाच्या टपरीवर गाडी लावून रात्री बारापर्यंत बसून राहायचा. महसूलची गाडी तालुक्यातून निघाली की फोन करायचा, बस. याला तिकडे ‘लोकेशन देणं’ म्हणतात. रात्रीचे पाचशे. शेतात दिवसभर राबून त्याच्या बापाला तेवढे मिळत नव्हते. मी जरा समजुतीचं बोलायला गेलो तर हसला. “मी काय चोरी करस का भाऊ? फोन लावस फक्त.” डंपर कोणाचा, हे त्याला माहीत होतं, पण नाव सांगितलं नाही. पकडला जाईल तो हाच. डंपरचा मालक दुसऱ्या दिवशी एखाद्या उद्घाटनाला फीत कापताना दिसला तर आश्चर्य नाही.

म्हणूनच गरिबीमुळे माणूस गुन्ह्याकडे वळतो, हे वाक्य मला अर्धंच वाटतं. खान्देशातले लाखो सालदार, ऊसतोड्ये, केळीच्या बागेतले मजूर आयुष्यभर गरीब राहिले आणि कोणाच्या टोळीत गेले नाहीत. जो जातो त्याची एखादी चालू मिळकत किंवा चालू मान तुटलेला असतो, आणि नेमक्या त्या वेळी हाक मारणारा कोणीतरी ओळखीचा असतो. मावसभाऊ, गल्लीतला मोठा, जेलमध्ये शेजारी झोपलेला. अनोळखी माणसाने भरती केलेली टोळी मी तरी ऐकलेली नाही.

सरकारकडे यावरचं जुनं औषध आहे, तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५५ कलमाखाली टोळीला, ५६ खाली एकट्याला, जास्तीत जास्त दोन वर्षं जिल्ह्याबाहेर काढता येतं. भुसावळचा पोरगा गाडीत बसतो आणि तासाभराच्या अंतरावर मलकापूरला, बुलढाणा जिल्ह्यात उतरतो. तिथे त्याला काम कोण देणार? खोली कोण देणार? दुसऱ्या गावाहून तडीपार झालेले तिथे आधीच असतात, ते देतात.

मग आखाजी येते. घरी सांजोऱ्या, गल्लीत पत्त्यांचे डाव, आई फोनवर फोन करते. पोरगा रात्री उशिरा मागच्या दाराने घरात शिरतो. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी असतात. हद्दपार केलेला इसम विनापरवाना राहत्या घरी मिळून आला, कलम १४२ अन्वये गुन्हा दाखल.