पाठीवर घर, मागे बोट

उन्हाळ्यात डेन्व्हरहून पॉवेल तलावाकडे निघणाऱ्या गाड्यांमध्ये एक जोडणी हमखास दिसते. पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेला कॅम्पर, म्हणजे पलंग, शेगडी आणि संडास असलेली अख्खी खोली, आणि मागे ट्रेलरवर सात-आठ मीटर लांबीची मोटरबोट. हा तलाव म्हणजे युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर, ग्लेन कॅन्यन धरणामागे अडवलेलं कोलोरॅडो नदीचं पाणी. डेन्व्हरहून तिथल्या बुलफ्रॉग धक्क्यापर्यंत 700 किलोमीटरांहून जास्त वाट आहे आणि मध्ये रॉकी पर्वत आडवा येतो. घर ट्रेलरवर घेतलं तर बोटीसाठी त्याच्यामागे आणखी एक ट्रेलर जोडावा लागतो, आणि अशी दुहेरी जोडणी अमेरिकेतली सगळीच राज्यं चालू देत नाहीत. घर पाठीवर घेतलं की मागे एकच ट्रेलर राहतो. कायद्यातून सुटका झाली. भौतिकशास्त्रातून होत नाही.

ट्रकच्या जाहिरातीत ओढण्याच्या क्षमतेचा आकडा ठळक असतो. मोठ्या डिझेल ट्रकला तो 9 टनांच्या घरात जातो, त्यापुढे 3 टनांची बोट किरकोळच वाटते. पण हा आकडा ठरवताना ट्रकमध्ये चालक आणि एक प्रवासी, दोघेही प्रत्येकी 68 किलोचे, एवढंच ओझं धरलेलं असतं. हौदा रिकामा. त्यात पावणेदोन टनांची खोली ठेवली की जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवावा आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचावं. ट्रकने सगळं धरून किती वजन अंगावर घ्यायचं आणि प्रत्येक आसावर किती, हे तिथे लिहिलेलं असतं. मागे चार चाकं असलेल्या ट्रकला ही एकूण मर्यादा 14,000 पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे 6,350 किलो असते. हिशोब करून बघा. ट्रक 3,600 किलो, भरलेला कॅम्पर 1,700, माणसं आणि सामान 300, बोटीच्या ट्रेलरचा हुकावर पडणारा भार 300. झाले 5,900. मागे दोनच चाकं असलेला ट्रक असता, तर बहुधा मर्यादा ओलांडली असती. कॅम्पर विकताना सांगितलेलं वजन अनेकदा कोरडं असतं. टाकीत 150 लिटर पाणी भरलं की 150 किलो वाढले, त्यात बॅटऱ्या आणि गॅसची टाकी निराळी.

वजन किती, याहून जास्त त्रास ते कुठे आहे याचा होतो. कॅम्परचा मागचा भाग ट्रकच्या बंपरच्या बराच मागे येतो, त्यामुळे ट्रेलर नेहमीच्या जागी जोडताच येत नाही. मग हिचमध्ये, म्हणजे ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायला बसवलेल्या पोलादी चौकटीत, लांब पोलादी दांडा घालून जोडणीची जागा मागे न्यावी लागते. समजा, ट्रकच्या दोन आसांमधलं अंतर 4.5 मीटर आहे आणि हुक मागच्या आसापासून 1.4 मीटर मागे. हुकावर 300 किलो पडले की मागचा आस टेकू होतो, ट्रकची तरफ होते आणि पुढच्या चाकांवरून सुमारे 93 किलो उचलले जातात. आता 1.2 मीटरचा दांडा घाला. बोट तीच, भार तोच, पण पुढून 173 किलो कमी होतात आणि मागच्या आसावर 393 च्या जागी 473 किलो येतात. शिवाय खड्ड्यात आपटताना दांड्याच्या मुळाशी पडणारा वाकवणारा जोर या स्थिर हिशोबाच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून दांडा लावला की हिचची क्षमता कमी धरायची असते. किती कमी, हे हिच बनवणारा लिहून देतो. तो कागद नसेल तर दांडा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साखर कारखान्याच्या रस्त्यावर चढाला लागलेल्या ट्रॅक्टरचं तोंड उचललेलं कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांनी पाहिलेलं असतं. तिथे ओढीचाही वाटा असतो, पण पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगला अर्थ उरत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. फरक वेगाचा. उसाचा ट्रॅक्टर रेंगाळत जातो, बोटीचा ट्रक ताशी शंभरच्या आसपास.

आणि ट्रेलर वेगात डोलतो. शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला की ट्रेलरचं शेपूट बाजूला सरकतं. टायर त्याला परत आणतात, तो मध्यरेषा ओलांडून दुसरीकडे जातो. कमी वेगात हे हेलकावे दोन-तीन फेऱ्यांत विरतात. वेग वाढत जाईल तसे ते उशिरा विरतात, आणि प्रत्येक जोडणीचा एक वेग असा असतो की त्यापुढे ते विरण्याऐवजी वाढतच जातात. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात केलेल्या चाचण्यांत तीन गोष्टींचा प्रभाव ठळक दिसला: हुकावरचा भार, ट्रेलरच्या आसाची जागा आणि वजनाचा पसारा. बोट नेमकी इथेच अडचणीची. तिचं इंजिन अगदी मागच्या टोकाला असतं, आणि वजन मध्यापासून दुप्पट लांब गेलं की डोलणं थांबवायला चौपट जोर लागतो. शिवाय दांड्यामुळे ट्रेलरच्या आडव्या धक्क्याला ट्रकचं ढुंगण ढकलायला 1.4 ऐवजी 2.6 मीटरची तरफ मिळते, आणि सावरायचं काम हलक्या झालेल्या पुढच्या चाकांवर येतं.

हुकावरचा भार वाढवला की डोलणं कमी होतं, पण मागचा आस दबतो. बोटीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के भार साधारण योग्य मानतात. तो जुळवण्यासाठी बोट पुढे-मागे सरकवायची, म्हणजे विंचचा, बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीचा, खांब हलवायचा. ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून मिळतात. एकदा बोटीसह, एकदा बोटीविना असं वजन केलं की वरचं सगळं गणित कागदावर दिसतं. पैसे फार लागत नाहीत, तरी लोक कंटाळा करतात.

ब्रेकची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. बोटीचा ट्रेलर पाण्यात बुडवावा लागतो, म्हणून त्याला बहुतेकदा सर्ज ब्रेक असतात. ट्रक हळू झाला की ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने तेलाचा दाब तयार होतो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. युक्ती सुंदर आहे. पण ट्रेलर डोलायला लागल्यावर फक्त त्याचेच ब्रेक हाताने लावून त्याला मागून ताणून सरळ करायची सोय यात नाही. विजेवर नियंत्रण असलेल्या ब्रेकना ती असते. अशा वेळी ट्रकचे ब्रेक जोरात दाबू नयेत, स्टिअरिंगने प्रत्येक हेलकाव्याचा पाठलाग करू नये. ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्यावा.

वाटेत रॉकी पर्वतातून आरपार जाणाऱ्या आयझेनहॉवर बोगद्याच्या पश्चिम तोंडापासून सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत रस्ता सुमारे 650 मीटर खाली उतरतो. 8,600 किलोंची आपली जोडणी तेवढ्या उतारावर साधारण 55 मेगाज्यूल ऊर्जा सोडते. 20 अंशांचं 160 लिटर पाणी उकळीला येईल एवढी. थोडी वारा खातो, बाकीची इंजिनाला किंवा ब्रेकना पचवावी लागते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यायचा, तो याचसाठी. पण इंजिनाने ट्रक आवरला की ट्रेलर सारखा रेटत राहतो आणि त्याचे सर्ज ब्रेक उतारभर घासत राहतात. त्यामुळे मध्ये थांबून ट्रेलरच्या चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या तुंब्याजवळ, किती तापलंय ते बघायला हात न्यावा, टेकवू नये.

हे तापलेले हब धक्क्यावर पोचताच थंड पाण्यात बुडतात. आतली हवा झटकन आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचते. मग ग्रीस बिघडतं, बेअरिंग गंजतं. स्प्रिंगच्या झाकणाने आतलं ग्रीस दाबाखाली ठेवणाऱ्या टोप्या याच कारणाने आल्या. तरीही पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास सावलीत थांबणं बरं. तेवढ्या वेळात बोटीतलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच लावलंय का तेही बघून होतं. आणि वाटभर छळणारा तो लांब दांडा धक्क्याच्या उतारावर मात्र कामी येतो: ट्रेलर पाण्यात, ट्रकची मागची चाकं शेवाळाच्या वर, कोरड्या काँक्रीटवर.