उतारवयातील जुनाट सांधेदुखी आणि अस्थिसंधिशोथ : संशोधन

अस्थिसंधिशोथ म्हणजेच ऑस्टिओआर्थ्रायटिस हा सांध्यांचा सर्वाधिक आढळणारा विकार. गुडघा, खुबा, हातांची बोटे आणि मणका ही त्याची नेहमीची ठिकाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना हा विकार होता. त्यांपैकी ७३ टक्के पंचावन्नच्या पुढचे, तर ६० टक्के स्त्रिया होत्या. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. उतारवयात तिच्या प्रमुख कारणांत अस्थिसंधिशोथाची गणना होते.

‘गुडघ्याची गादी झिजली’ ही बोलीतली व्याख्या वैद्यकातही दीर्घकाळ चालली. १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी क्ष-किरण चित्रावरून विकाराच्या ० ते ४ अशा श्रेणी ठरवल्या; त्या आजही वापरात आहेत. मात्र चित्रात दिसणारी झीज आणि रुग्णाला होणारा त्रास यांचा मेळ बसेना. सांध्यांतली फट जवळपास बुजलेली असूनही कोणी जिने चढतो, तर किरकोळ बदल असलेल्या दुसऱ्याची दुखण्याने झोप उडते. वजन, स्वभाव, आनुवंशिकता, घरची परिस्थिती अशा गोष्टी माणसागणिक बदलत असल्याने तुलना अवघड होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्यावर साधी युक्ती काढली. ज्यांचा एक गुडघा दुखतो आणि दुसरा दुखत नाही, अशांचे दोन्ही गुडघे एकमेकांशी ताडून पाहिले. माणूस तोच असल्याने बाकीचे फरक आपोआप गळाले आणि झीज व वेदना यांचा संबंध पूर्वी वाटे त्यापेक्षा बराच घट्ट निघाला. चित्र खोटे नव्हते, अपुरे होते.

अपुरे, कारण जी कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, झिजते तिच्यात मज्जातंतूच नसतात. दुखतात ते सांध्याचे अस्तर, कूर्चेखालचे हाड, आवरण आणि अस्थिबंध. एमआरआय तपासणीत अस्तराची सूज आणि हाडातील बदल दिसू लागले, तेव्हा ही केवळ यांत्रिक झीज नसून संपूर्ण सांध्याचा विकार आहे हे मान्य झाले. ‘शोथ’ म्हणजे दाह हा शब्द मराठी नावात आधीपासून आहे, हे येथे नोंदवायला हरकत नाही. दुसरा धागा मज्जासंस्थेचा. सततच्या संदेशांनी मज्जारज्जूतील पेशी अतिसंवेदनशील होतात, हे १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले. काही रुग्णांत सांध्यापासून दूरच्या जागीही हलक्या दाबाने दुखते. त्याचा अर्थ या दिशेने लावला जातो.

उपचारांच्या चाचण्यांनी अनेक रूढ समजुती मोडल्या. त्यांतली सर्वांत धाडसी २००२ ची. गुडघ्यात दुर्बीण घालून साफसफाई करण्याची शस्त्रक्रिया तेव्हा सर्रास होत असे. अमेरिकेत १८० रुग्णांपैकी काहींवर ती खरोखर केली, काहींचा सांधा नुसता धुतला, तर उरलेल्यांच्या त्वचेला फक्त छेद दिले आणि आवाज यावा म्हणून पाणीही उडवले. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांत फरक नव्हता. ग्लुकोसामाइन व कॉन्ड्रॉइटिन या सांध्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांच्या २००६ च्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांत औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. निष्क्रिय गोळीनेच सुमारे ६० टक्क्यांना आराम वाटला होता! या क्षेत्रात उपचाराचे मूल्यमापन किती निसरडे आहे ते या आकड्यावरून कळते.

औषधांची कहाणीही अशीच. दाहशामक गोळ्या गुणकारी असल्या तरी जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांना धोका पोहोचवू शकतात; त्यांतलेच रोफेकॉक्सिब हे औषध २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले. २०१८ च्या एका वर्षभराच्या चाचणीत कंबर, गुडघा व खुबा यांच्या दुखण्यावर अफूवर्गीय औषधे इतर औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. टॅनेझुमॅब या इंजेक्शनने वेदना कमी झाली, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब झाले आणि ते बाजारात आलेच नाही.

टिकाऊ पुरावा आहे तो व्यायाम आणि वजन घटवणे या दोन कंटाळवाण्या उपायांचा. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या रहिवाशांवरील दीर्घकालीन अभ्यासात सुमारे पाच किलो वजन घटवलेल्या स्त्रियांत गुडघ्याच्या त्रासदायक विकाराची शक्यता निम्म्याहून कमी दिसली. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधाने लठ्ठ रुग्णांचे वजन उतरले आणि गुडघेदुखीही कमी झाली. सांधा निकामी झाल्यावर बदलण्याची शस्त्रक्रिया उरते. जॉन चार्नले यांनी १९६० च्या दशकात खुब्यासाठी ती रूढ केली.

या संशोधनाची कच्ची बाजू खुद्द वृद्धांचीच आहे. अनेक विकार आणि अनेक औषधे असलेल्यांना चाचण्यांतून बहुधा वगळले जाते, वास्तविक दवाखान्यात येणारा वृद्ध असाच असतो. शिवाय वेदना मोजायची तर माणसाला विचारावे लागते. ‘वयानुसार दुखणारच’ म्हणून पुष्कळजण सांगतच नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्यांना तर सांगताही येत नाही. त्यांच्यासाठी श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच खुणांवरून ० ते १० गुण देणारी मापनपद्धती २००३ मध्ये मांडली गेली. भीती किंवा अस्वस्थतेनेही हेच गुण वाढू शकतात. म्हणून जवळच्या शुश्रूषकाचे निरीक्षण सोबत घ्यावे लागते.