उपग्रहाचे सरकणारे घड्याळ

हवेतील ऑक्सिजनचे रेणू सतत सूक्ष्मतरंग उत्सर्जित करत असतात आणि त्यांची तीव्रता टिपून उपग्रह वातावरणाचे तापमान ठरवतात. अशा नोंदी १९७८ च्या अखेरीपासून उपलब्ध आहेत. हे उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत फिरतात, म्हणजे विषुववृत्त दररोज साधारण त्याच स्थानिक वेळी ओलांडतात. निदान अपेक्षा तशी असते. प्रत्यक्षात सूर्याच्या ओढीने कक्षेचा कल किंचित बदलत जातो आणि ही वेळ वर्षागणिक सरकते. १९८८ मध्ये सोडलेला नोआ-११ हा अमेरिकी हवामान उपग्रह सुरुवातीला दुपारी दोनच्या आसपास विषुववृत्त ओलांडत असे. १९९४ पर्यंत ती वेळ पाचच्या सुमारास येऊन ठेपली.

दुपारी दोन वाजता उघडी जमीन तापलेली असते आणि पाचपर्यंत ती बरीच निवते. रात्रीच्या फेरीतही तेच घडते, कारण पहाटेचे पाच हे मध्यरात्रीनंतरच्या दोनपेक्षा थंड असतात. खालच्या थरातील हवा मोजताना जमिनीचे उत्सर्जनही काही प्रमाणात उपकरणापर्यंत पोहोचते, म्हणून हवामान अजिबात बदलले नाही तरी नोंदीत थंडावा दिसू लागतो. समुद्रावर दिवसरात्रीचा फरक कमी असल्याने ही अडचण मुख्यतः जमिनीवरची आहे. जागतिक तापमानवाढीचा कल दर दशकाला अंशाच्या काही दशांशांइतकाच असतो. त्यापुढे ही चूक क्षुल्लक नव्हे.

त्यामुळे दैनंदिन चक्राची दुरुस्ती करावीच लागते, पण ती नेमकी किती आणि कोणत्या दिशेने करायची, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा कठीण आहे. अलाबामा विद्यापीठाच्या हंट्सव्हिल येथील रॉय स्पेन्सर आणि जॉन ख्रिस्ती यांच्या उपग्रही तापमान-नोंदींच्या मालिकेत खालच्या तपांबराची, म्हणजे जमिनीलगतच्या वातावरणथराच्या खालच्या भागाची, तापमानवाढ बराच काळ कमी दिसत होती. २००५ मध्ये कार्ल मिअर्स आणि फ्रँक वेंट्झ यांनी दाखवून दिले की, उष्ण कटिबंधात स्पेन्सर आणि ख्रिस्ती यांच्या दुरुस्तीचे चिन्हच उलटे होते. मूळ संशोधकांनी चूक मान्य केली आणि त्यांचा जागतिक कल दर दशकाला सुमारे ०.०९ वरून ०.१२ अंश सेल्सियसवर गेला. प्रतिस्पर्धी गटाने दाखवलेली चूक अशी मोकळेपणाने स्वीकारली जाणे मला त्या आकड्याइतकेच मोलाचे वाटते.

दुरुस्तीची गरजच पडू नये, हा उपाय अर्थातच सर्वांत चांगला. २००२ मध्ये सोडलेल्या अ‍ॅक्वा उपग्रहाजवळ कक्षा सावरण्यासाठी इंधन होते, त्यामुळे जवळपास वीस वर्षे त्याची दुपारी दीडची वेळ राखता आली. इंधन संपत आल्यावर तेही थांबवावे लागले आणि आता त्याची वेळही हळूहळू पुढे सरकते आहे.