काठी गेली, बॅज राहिला: इंग्लंडच्या सिक्स्थ फॉर्मची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ईस्टरच्या आसपास ठरलेले प्रश्न यायला लागतात. हेड गर्लसाठी, म्हणजे शाळेच्या मुख्य विद्यार्थिनीच्या पदासाठी, उभं राहायचं तर पोरीने भाषणात बोलायचं काय, प्रॉमचं, म्हणजे शाळा संपतानाच्या नटूनथटून जायच्या पार्टीचं, तिकीट एवढं महाग कसं, आणि परीक्षा तोंडावर असताना हे लीव्हर्स डेचं, म्हणजे शाळेतल्या निरोपाच्या दिवसाचं, खूळ कशाला. आपला वर्गाचा मॉनिटर आणि बारावीचा सेंड-ऑफ डोळ्यासमोर ठेवून बघितलं तर हे सगळं जरा जास्तच वाटतं, पण यामागे बरीच जुनी आणि खरं सांगायचं तर चांगलीच मारकुटी गोष्ट आहे.

सिक्स्थ फॉर्म म्हणजे १६ ते १८ वयाची पोरं, इयर १२ आणि १३, ए लेव्हलची (युनिव्हर्सिटीआधीची शेवटची परीक्षा) दोन वर्षं. पूर्वी अकराव्या वर्षापासून फर्स्ट फॉर्म, सेकंड फॉर्म असं मोजत जायचे, फॉर्म म्हणजे इयत्ता. १९९० च्या सुमारास इयर ७, ८ असे आकडे आले, खालचे फॉर्म गेले आणि सिक्स्थ तेवढा राहिला.

आता मुळाकडे. १३८२ साली स्थापन झालेल्या विंचेस्टर शाळेच्या नियमांतच होतं की प्रत्येक खोलीत निदान तीन मोठ्या मुलांनी बाकीच्यांवर नजर ठेवायची. कारण साधं, मास्तर मोजके आणि पोरं भरपूर. आणि पोरं काय होती म्हणता, १७९७ मध्ये रग्बी शाळेत मुलांनी हेडमास्तरांच्या वर्गाचा दरवाजा बंदुकीची दारू लावून उडवला, शेवटी सैनिक बोलवावे लागले! त्याच रग्बीत १८२८ साली थॉमस अर्नॉल्ड हेडमास्तर म्हणून आले आणि १८४२ मध्ये वारले तोपर्यंत तिथेच होते. प्रिफेक्ट, म्हणजे लहानांवर अधिकार दिलेला मोठा विद्यार्थी, ही कल्पना काही त्यांनी शोधली नाही, पण सिक्स्थ फॉर्मला ते स्वतः शिकवायचे, त्यांच्यावर विश्वास टाकायचे आणि त्या बदल्यात अख्ख्या शाळेची शिस्त त्यांच्याकडे सोपवायचे, म्हणजे वेळ पडली तर छडीसकट. शिवाय फॅगिंग होतंच, लहान मुलांनी मोठ्यांचे बूट पुसायचे, टोस्ट भाजून द्यायचा. अर्नॉल्डच्या हाताखालचे लोक पुढे इतर शाळांचे हेडमास्तर झाले आणि ही पद्धत सगळीकडे पोचली.

ती किती घसरू शकते ते १८७२ मध्ये विंचेस्टरलाच दिसलं. शाळेच्या खास बोलीची प्रिफेक्ट मंडळी परीक्षा घ्यायची, एका मुलाने ती द्यायला नकार दिला तर प्रिफेक्टने त्याला ३० फटके मारले. प्रकरण थेट टाइम्स पेपरात गेलं, पत्रांवर पत्रं आली, आणि हेडमास्तरांनी बाजू कोणाची घेतली तर प्रिफेक्टची. (आपल्याकडच्या काही मुख्याध्यापकांची आठवण येते, पण ते जाऊ दे.)

इथे एक भारताचा धागा आहे. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत होते. तिथल्या देशी शाळेत पोरं वाळूत अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि मोठ्या पोरांकडून लहानांना शिकवायची पद्धत बसवली. त्यावर पुस्तक लिहिलं तेही १७९७ सालीच. मॉनिटरची ही पद्धत इंग्लंडात गरिबांच्या शाळांत गेली, कारण स्वस्त पडायची. म्हणजे मॉनिटर गरिबाचा आणि प्रिफेक्ट श्रीमंताचा.

श्रीमंतांच्या शाळांतला प्रिफेक्ट विसाव्या शतकात ग्रामर स्कूलमध्ये (प्रवेश परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळांत) आला, बॅज, टाय, हेड बॉय सगळं जसंच्या तसं. १९५१ ला ए लेव्हल सुरू झाल्या. मग कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे परीक्षा न घेता सगळ्यांना घेणाऱ्या, शाळा आल्या आणि १९६६ मध्ये लुटनला पहिलं सिक्स्थ फॉर्म कॉलेज निघालं, जिथे खालचे वर्गच नाहीत, मग धाक दाखवायचा कोणाला? प्रिफेक्टांची छडी तोवर बऱ्याच ठिकाणी सुटलीच होती, सरकारी शाळांत तर १९८६ च्या कायद्याने मास्तरांचीही गेली. १९९१ मध्ये ब्रिटनने बालहक्कांचा करार मान्य केला, मुलांचं म्हणणं ऐकायचं हे ओघाने आलं आणि स्टुडंट कौन्सिल वाढली.

माझं मत विचाराल तर हेड बॉय-हेड गर्लच्या हातातली सत्ता गेली तिथे रिकामी झालेली जागा कार्यक्रमांनी भरली. आज ही टीम काय करते? ओपन इव्हनिंगला पालकांना शाळा दाखवते, चॅरिटी वीकला केक विकते, एक पौंड घेऊन घरचे कपडे घालू देते, आणि वर्षभर डोकं धरून बसते ते प्रॉमसाठी. प्रॉम अमेरिकेचं, इथे आधी साधा डिस्को असायचा. लिमोझिन, गाऊन वगैरे थाट नव्वदच्या दशकाअखेरीस आणि त्यानंतर वाढला. हॉलचं डिपॉझिट महिनोनमहिने आधी भरावं लागतं आणि ते पैसे गोळा करताना पोरांना जे कळतं ते बिझनेसच्या ए लेव्हलमध्ये कळत नसेल. लीव्हर्स हूडीचंही (शाळा सोडणाऱ्या बॅचचा टोपीवाला स्वेटशर्ट) तसंच, पाठीवर वर्षाचे दोन मोठे आकडे आणि त्या आकड्यांच्या आत बारीक अक्षरात सगळ्या बॅचची नावं, त्यात स्पेलिंग चुकलं तर दोष कमिटीचा. आपल्या पोरांची लांबलचक आडनावं असतील तर दोनदा तपासा बरं का.

२०२० मध्ये हे सगळं दोन दिवसांत आटपलं. १८ मार्चला शाळा बंद आणि परीक्षा रद्द असं जाहीर झालं, २० तारखेला शेवटचा दिवस, पोरांनी एकमेकांच्या शर्टांवर सह्या घेतल्या आणि गेली.

निवडणुकीचं म्हणाल तर भाषण आणि मतदान होतं, पण बहुतेक शाळांत मुलाखत घेऊन अंतिम निर्णय शिक्षकच करतात, मतं किती पडली ते सांगतीलच असं नाही. निवड इयर १२ च्या शेवटी शेवटी होते कारण इयर १३ मे-जूनमध्ये परीक्षेला बसतं आणि निघून जातं, शिवाय युनिव्हर्सिटी प्रवेशाचा यूकासचा (प्रवेश अर्ज घेणारी संस्था) फॉर्म पुढच्याच हिवाळ्यात भरायचा असतो. त्यात पूर्वी ४००० अक्षरांचा एक सलग निबंध असायचा, २०२६ च्या प्रवेशापासून त्याजागी तीन प्रश्न आलेत आणि तिसरा शिक्षणाबाहेर काय केलंत आणि त्याचा उपयोग काय असा आहे, तेव्हा नुसतं हेड गर्ल होते लिहून भागत नाही, हॉलचं डिपॉझिट कसं जमवलं ते लिहा.