सामोआ की अमेरिकन सामोआ? घड्याळ एकच, वार मात्र वेगळा

मुंबईत सोमवारी दुपारचे बारा वाजलेले असतात, तेव्हा अपियात सोमवारचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्याच क्षणी तिथून विमानाने अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या पांगो पांगोतही साडेसातच वाजलेले असतात, पण रविवारचे. अपिया ही प्रशांत महासागरातल्या सामोआ या स्वतंत्र देशाची राजधानी आणि पांगो पांगो अमेरिकेच्या ताब्यातल्या अमेरिकन सामोआची. दोन्हीकडचे लोक एकाच वंशाचे आणि एकच भाषा बोलणारे. अनेक कुटुंबांची निम्मी माणसे या बाजूला तर निम्मी त्या बाजूला राहतात. मात्र व्हिसा, चलन, रस्त्याची बाजू, विजेचा दाब आणि तारीख यांतले काहीही जुळत नाही. आठ-दहा दिवसांची सुट्टी आखताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शोधताना एका सामोआचे हॉटेल सापडते आणि तिकीट दुसऱ्याचे काढले जाते.

हे असे का झाले ते दोन ओळींत सांगता येते. 1899 च्या करारात जर्मनी आणि अमेरिकेने हा द्वीपसमूह वाटून घेतला. पश्चिमेकडची मोठी बेटे जर्मनीला मिळाली आणि पूर्वेकडची लहान बेटे, म्हणजे खोल, सुरक्षित पांगो पांगो बंदर असलेले तुतुइला आणि पुढे मनुआ बेटे, अमेरिकेकडे गेली. जर्मन भाग 1914 मध्ये न्यूझीलंडने घेतला आणि 1 जानेवारी 1962 रोजी तो 'पश्चिम सामोआ' म्हणून स्वतंत्र झाला. 1997 मध्ये त्याने नावातला 'पश्चिम' काढून टाकला, तेव्हा अमेरिकन सामोआने नाराजी व्यक्त केली होती. जुने नाव मात्र विमानतळाच्या संकेतात अजून टिकून आहे. अपियाचा संकेत एपीडब्ल्यू, त्यातला डब्ल्यू म्हणजे 'वेस्टर्न'. पांगो पांगोचा संकेत पीपीजी. तिकिटावर ही तीन अक्षरे पाहण्याची सवय ठेवा, बाकीचे नंतर. फोनचे कोडही जुळ्या भावांसारखे आहेत. सामोआ 685 आणि अमेरिकन सामोआ 684, त्यातही दुसऱ्याच्या आधी अमेरिकेचा 1 लागतो. हॉटेलला फोन करताना एक आकडा चुकला की पलीकडचा माणूस तुमचे बुकिंग शोधत बसतो आणि ते सापडत नाही.

आता वाराबद्दल. सामोआ पूर्वी अमेरिकेच्या दिवसाबरोबर चालत असे. त्याचा व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी होता, आणि तिकडे सोमवारी कचेऱ्या उघडत तेव्हा इकडे रविवार असे. म्हणून 2011 च्या अखेरीस सामोआने तारीखरेषा ओलांडली आणि 30 डिसेंबर 2011 हा शुक्रवार तिथे उगवलाच नाही. गुरुवारी झोपलेली माणसे शनिवारी उठली. अमेरिकन सामोआ मात्र जुन्याच बाजूला राहिला. त्यामुळे दोन्हींत बरोबर 24 तासांचे अंतर आहे, आणि खरी अडचण याच 'बरोबर' शब्दात आहे. घड्याळ पुढे-मागे करावे लागत नाही, त्यामुळे काही बदलल्याचे लक्षातच येत नाही. फरक फक्त कॅलेंडरमध्ये पडतो.

उदाहरणाने पाहू. अपियाहून गुरुवारी सकाळी दहाला निघालात तर पांगो पांगोला बुधवारी साधारण पावणेअकराला उतराल. म्हणून तिथले हॉटेल बुधवारच्या रात्रीपासून घ्या, गुरुवारपासून नाही. परत येताना उलटे होते. पांगो पांगोहून शुक्रवारी दुपारी निघालात तर अपियात शनिवार असतो. ज्यांनी शुक्रवारी रात्री अपियाहून ऑकलंडचे विमान धरायचे ठरवलेले असते, त्यांचे विमान तोवर निघून गेलेले असते. नियम असा ठेवा: पांगो पांगोहून परतण्याचा वार धरायचा, त्यात एक मिळवायचा आणि पुढचे तिकीट त्यानंतर किमान एक दिवस सोडून काढायचे. बेटांमधली लहान विमाने हवामानामुळे रखडतात, म्हणून तो मोकळा दिवस लागतोच.

रविवारचाही हिशोब करावा. दोन्हीकडे रविवार म्हणजे चर्च आणि घरचे जेवण. दुकाने बहुतेक बंद आणि बस जवळजवळ नसतात. अपियाहून सोमवारी निघणाऱ्याला पलीकडे पुन्हा रविवार मिळतो, म्हणजे एका सुट्टीत दोन बंद दिवस. उलट पांगो पांगोहून रविवारी विमान मिळाले तर तुम्ही थेट सोमवारात उतरता.

व्हिसाच्या बाबतीत भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी फरक मोठा आहे. सामोआत पर्यटकाला उतरल्यावर विमानतळावरच परवाना मिळतो. त्यासाठी सहा महिने वैध पासपोर्ट, परतीचे किंवा पुढचे तिकीट आणि राहण्याचा पत्ता लागतो. अडचण वाटेत येते. ऑकलंड किंवा सिडनीला विमान बदलायचे असेल तर त्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाची अट तिकीट काढण्याआधीच पाहा, नाहीतर मुंबईतच अडवतील. भारतीयांना फिजीत फिरायला आधी व्हिसा लागत नाही, म्हणून सिंगापूर–नांदी (फिजी)–अपिया हा मार्ग बराच सुटसुटीत पडतो. नांदीहून अपियाला विमानाने दोन तासांच्या आत पोहोचता येते.

अमेरिकन सामोआचे प्रवेशाचे नियम त्याचे स्वतःचे आहेत. इथे अमेरिकेचा झेंडा आहे, पण आगमन-निर्गमनाच्या बाबतीत तो अमेरिकेच्या कायद्याखाली येत नाही. अमेरिकेचा व्हिसा हातात असला तरी भारतीय नागरिकाला तिथल्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाकडून वेगळा प्रवेश परवाना आधी घ्यावा लागतो. होनोलुलूमार्गे जायचे असेल तर परवाना आणि अमेरिकेचा व्हिसा दोन्ही लागतात. अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी मंडळींनी इथे विशेष जपावे. 'हे अमेरिकेतच आहे' असे समजून एच-वन-बीवाला पांगो पांगोला जातो. परतताना होनोलुलूत पुन्हा इमिग्रेशनची रांग असते, आणि पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर पंचाईत होते. तिथे जाणे म्हणजे कागदोपत्री अमेरिका सोडणे, हे गृहीत धरूनच कागदपत्रे तयार ठेवा. होनोलुलूहून विमान आठवड्यातून दोन-तीनदाच असते आणि प्रवासाला पाच तासांहून अधिक लागतात. एक विमान हुकले की दोन-तीन दिवस अडकलात समजा.

खिशाचेही वेगळे. सामोआत ताला चालतो आणि त्याचे शंभर सेने होतात. ही नावे डॉलर आणि सेंटचीच सामोअन रूपे आहेत. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेतीन ताला मिळतात. अमेरिकन सामोआत थेट अमेरिकी डॉलर चालतो. सामोआत सुट्टे पैसे जवळ असायलाच हवेत. बहुतेक जमीन खाजगी मालकीची नसून कुटुंबांच्या आणि गावांच्या पारंपरिक हक्काची आहे, म्हणून किनारा, धबधबा, गुहा अशा प्रत्येक ठिकाणी गावाला प्रवेशाचे पैसे द्यायचे असतात, सहसा माणशी 5 ते 20 ताला. काही ठिकाणी मोटारीचे वेगळे. हे लुबाडणे नव्हे. ते पैसे त्या गावाचे असतात. शंभराची नोट पुढे केली तर झाडाखाली बसलेल्या मुलीकडे मोड नसते.

गाडी घेणार असाल तर सामोआत डावीकडून चालवायची, आपल्यासारखी. पूर्वी तिथेही उजवीकडून चालत, पण 7 सप्टेंबर 2009 रोजी देशाने बाजू बदलली, कारण न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि जपानमधून जुन्या मोटारी स्वस्तात आणता येतात. अमेरिकन सामोआत अजून उजवीकडून चालतात आणि वेग मैलांत मोजतात. सामोआत परदेशी परवान्यावर स्थानिक तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. तो गाडी घेतानाच मागून घ्या. वेगाची मर्यादा गावांतून ताशी 40 आणि बाहेर 56 किलोमीटर. रस्त्यावर कुत्री आणि डुकरे असतात, म्हणून अंधारात चालवू नका. विजेचेही तसेच. सामोआत 230 व्होल्ट, तिरक्या पात्यांचा ऑस्ट्रेलियन पिनेचा प्लग. अमेरिकन सामोआत 120 व्होल्ट, सपाट पात्यांचा. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालेल. भारतातून नेलेली पाण्याची किटली पलीकडे नुसती कोमट होईल.

पाहण्यासारखे काय? थोड्या दिवसांसाठी निर्णय सोपा आहे: सामोआच. उपोलू आणि सवाईई अशी दोन मोठी बेटे (मराठी कानाला दुसरे 'सवाई' ऐकू येते, आणि आकाराने ते उपोलूपेक्षा जवळजवळ दीडपट आहेच) सात-आठ दिवसांत आरामात होतात. फालेओलो विमानतळ अपियापासून सुमारे 35 किलोमीटर पश्चिमेला आहे, आणि सवाईईला जाणारी बोट सुटते ते मुलिफानुआ बंदर त्याच बाजूला. म्हणून सकाळी उतरणाऱ्याने अपियाला जाऊन परत येण्यापेक्षा थेट बोट धरून आधी सवाईई करावे. बोट एक ते दीड तासात सालेलोलोगाला पोहोचते. मोटार न्यायची तर जागा आधी राखून ठेवा आणि तासभर आधी रांगेत लावा.

सवाईईवर 1905 ते 1911 या काळात मातावानू ज्वालामुखीचा लाव्हा वाहत होता. सालेआउलाला त्याने गाडलेल्या चर्चचे अवशेष दिसतात. दक्षिण किनाऱ्यावर तांगा गावाजवळ समुद्राचे पाणी खडकांच्या छिद्रांतून उंच उसळते. भरतीच्या वेळी जा, आणि ओल्या खडकापासून लांब उभे राहा. उपोलूवर लोतोफांगाचे तो सुआ हे सुमारे 30 मीटर खोल कुंड लाकडी शिडीने उतरायचे. शिडी ओली असते, चप्पल वर काढून ठेवा. लाटांचा जोर असताना तळाच्या बोगद्यातून पाणी आत-बाहेर ओढले जाते, म्हणून पाण्यातली दोरी सोडू नका. लालोमानूच्या किनाऱ्यावर उघड्या बाजूंच्या 'फाले' झोपडीत राहा. गादी, मच्छरदाणी, बरेचदा रात्रीचे जेवण आणि नाश्ता त्यात धरलेला असतो. याच किनाऱ्यावर 29 सप्टेंबर 2009 ची त्सुनामी आली होती. जोराचा भूकंप जाणवला तर भोंग्याची वाट न पाहता डोंगराकडे चालायला लागा. मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम, नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस आणि चक्रीवादळांचा.

अमेरिकन सामोआ तेव्हा, जेव्हा तुम्हाला डोंगर आणि जंगल हवे असते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेले अमेरिकेचे एकमेव राष्ट्रीय उद्यान तिथे आहे. 491 मीटरच्या अलावा डोंगराची वाट फांगासा खिंडीतून निघते. जाऊन-येऊन सुमारे 11 किलोमीटर, चिखलाचे आणि घसरडे. दिवसाढवळ्या उडणारी मोठी फळवाघळे इथे दिसतात. पण पांगो पांगोत राहायच्या जागा मोजक्या आहेत, बंदरावर ट्यूना मासळीच्या डबाबंदीचा वास येतो आणि पाऊस सामोआपेक्षाही जास्त. ओफू बेटाचा नितळ किनारा पाहायचा तर पुढे आणखी लहान विमान आणि होडी लागते, तीही हवामान बघून. एका आठवड्यात त्याच्या मागे लागू नये.

दोन्हीकडे सारखे तेवढे लक्षात ठेवा. गावात पोहण्याच्या कपड्यांत फिरू नये, लुंगीसारखा लावालावा गुंडाळावा. संध्याकाळी 'सा' म्हणजे प्रार्थनेची वेळ असते. शंख किंवा घंटा वाजली की जिथे आहात तिथे शांत थांबा, दहा-वीस मिनिटांत मोकळे होते. फालेत बसताना पाय माणसांकडे पसरू नयेत. आणि नावे वाचताना 'जी' हा 'ङ' सारखा नाकातून म्हणा, म्हणजे पागो पागो नव्हे, पांगो पांगो.

शाकाहारी माणसाची सोय तितकी वाईट नाही. अळूची पाने नारळाच्या दुधात भाजून केलेली पालुसामी आपल्या जिभेला चटकन ओळखीची वाटते, पण तिच्यात कधी डब्यातले गोमांस घातलेले असते, विचारून घ्या. भाजलेला नीरफणस कोकणातल्या माणसाला नवा नाही. सोबत नेलेला खाऊ विमानतळावरच्या फॉर्मवर जाहीर करा. फळे, बिया आणि मध न नेलेलेच बरे.