हॉट रॉडला नवीन स्टेअरिंग बसवणं

हॉट रॉड म्हणजे जुनी अमेरिकन गाडी, बहुतेक वेळा फोर्डची मॉडेल ए (1928 ते 31) नाहीतर 1932 ची, नको ते सगळं काढून हलकी केलेली आणि तगडं इंजिन टाकलेली. हा नाद 1930 च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉकसारख्या सुकलेल्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांमध्ये फोफावला, आणि आजही बऱ्याच हॉट रॉड घरच्या गॅरेजमध्येच तयार होतात. त्यामुळे बॉडी एकीची, स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत पोचवणारी दात्यांची पेटी) फोर्डच्या जुन्या पिकअपचा, कॉलम (स्टेअरिंगपासून बॉक्सकडे जाणारा दांडा आणि त्याची नळी) जनरल मोटर्सचा म्हणजे जीएमचा असा सगळा मेळ असतो, आणि नवीन स्टेअरिंग आणलं, नट आवळला, झालं, असं होत नाही.

आधी साइज बघायची. मूळ स्टेअरिंग 17 इंचांच्या आसपास असायचं कारण पॉवर स्टेअरिंग नव्हतंच, हाताने ओढायचं. त्याजागी 13 इंची लावलं तर तेवढ्याच कामाला साधारण 30 टक्के जास्त जोर लागतो, पळताना कळत नाही पण पार्किंग करताना हात भरून येतात. म्हणून 15 इंची बरं, मांडीलाही जागा राहते.

स्टेअरिंग आणि कॉलम जोडणारा मधला अडॅप्टर (हब) कॉलमच्या टोकावरच्या दात्यांना जुळला पाहिजे. 1969 नंतरच्या जीएम कॉलमला 36 दाते असतात. पुढे अडॅप्टरला बोल्टने जोडायची स्टेअरिंगची भोकं: मोमो आणि नार्डी या स्टेअरिंगच्या कंपन्या, मोमोला 6 भोकं 70 मिमीच्या वर्तुळावर, नार्डीला 6 च पण 74 वर, नुसतं बघून फरक कळत नाही आणि ओढूनताणून बसवायचंही नाही.

जुनं काढताना पुलरच (स्क्रूने ओढून स्टेअरिंग सोडवणारं हत्यार) वापरायचा. हातोडी घातली तर 1967 पासूनच्या जीएम कॉलममध्ये, जे अपघातात दबून आत जावेत म्हणून बनवलेत, आतल्या प्लॅस्टिकच्या पिना तुटतात. आणि नट पूर्ण काढायचा नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवायचा, नाहीतर अडकलेलं स्टेअरिंग फटकन सुटून थेट तोंडावर येतं.

खरी गंमत सरळ बसवण्यात आहे. बरेच जण चाकं सरळ करतात आणि आरे आडवे दिसतील तसं स्टेअरिंग ठोकून देतात. पण बॉक्सच्या आतले दाते बरोबर मध्यावर सगळ्यात घट्ट बसलेले असतात, बाजूला गेलं की थोडा प्ले (ढिलेपणा) येतो, म्हणजे सरळ रस्त्यावर बॉक्स मध्यावर नसेल तर गाडी भरकटत राहणार. म्हणून आधी बॉक्सपासून लिंक (बॉक्स आणि चाकं जोडणारा दांडा) सोडवून या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजायचं, निम्म्यावर आणायचं, तिथे स्टेअरिंग सरळ बसवायचं, आणि मग लिंकची लांबी कमी-जास्त करून चाकं सरळ करायची. कॉलमच्या 36 दात्यांत एक दाता म्हणजे 10 अंश, त्याहून बारीक फरक दात्यांवर निघतच नाही, तो लिंकवरच काढावा लागतो. नट मात्र टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळायचा.

हॉर्न शेवटी राहतो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो. बटण दाबलं की रिलेच्या (हॉर्नला करंट देणाऱ्या स्विचच्या) वायरला अर्थ, म्हणजे गाडीच्या लोखंडाशी जोड, मिळतो, एवढंच सर्किट, पण शाफ्टच्या जोडात रबर असेल आणि बेअरिंग प्लॅस्टिकचे असतील तर अर्थ पोचतच नाही, मग जोडावरून एक छोटी वायर टाकावी लागते. आणि बटणाची वायर हबला घासत असेल तर पहिल्याच वळणावर हॉर्न सुरू होतो, तो बॅटरीची वायर काढेपर्यंत थांबत नाही.