डाळ शिजत नाही तेव्हा पाणी बघा

नीटच्या तयारीसाठी लातूरला गेलेल्या भाचीचा पहिल्याच आठवड्यात फोन आला. "मामा, सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ शिजंना. तुम्ही दिलेली डाळ जुनी हाय का?"

डाळ घरची, याच हंगामातली. गावी तीन शिट्ट्यांत मऊ होते. मी विचारलं, पाणी कुठलं घातलंस? नळाचं. म्हणजे बोअरचं. आणि बादलीच्या आतून पांढरा थर धरलाय का? धरला होता, घासूनही निघत नव्हता.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. इथल्या कितीतरी इमारती बोअरवरच चालतात. आपल्याखालचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्याच्या भेगांत मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं, त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थानं चिकटलेल्या असतात. गरम पाण्यात पेक्टिन विरघळलं की पेशी सुट्या होतात आणि दाणा बोटांत चुरतो. पण कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. मग दाणा पाणी पितो, फुगतो, पण फुटत नाही. वरणात खाली दाणे आणि वर पाणी दिसतं ते यामुळं.

उपाय स्वस्त आहे. डाळीपुरतं पाणी पिण्याच्या जारमधलं घ्यायचं, एका माणसाला दोन पेले पुरतात. जार नसेल तर बोअरचं पाणी उकळून, गार करून, तळाचा गाळ न हलवता वरचं घ्यायचं. उकळल्यावर काही क्षार खाली बसतात. सगळेच बसत नाहीत, म्हणून जारचं पाणी बरं. डाळ अर्धा तास भिजवायची. मटकी, चवळी, हरभरे अशी सालीची कडधान्यं रात्रभर भिजत घालताना पाण्यात थोडं मीठ टाकावं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते.

चिंच आणि टोमॅटो मात्र डाळ शिजल्यावरच. आंबट पाण्यात पेक्टिन नीट विरघळत नाही. आपल्याकडं आधी डाळ शिजवून घोटून मग चिंचेचा कोळ घालतात, ते अगदी बरोबर आहे. खायचा सोडा टाकला की डाळ लवकर शिजते हेही खरं, पण त्यानं ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं. ज्या पोरांच्या जेवणात मुळात चारच पदार्थ असतात, त्यांनी ते का घालवावं?

कुकरचंही एक सांगतो, कारण गॅस पोरांच्याच पैशातून जातो. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळं पाणी साधारण 120 अंशांना उकळतं, म्हणून डाळ लवकर होते. शिट्टी सुरू झाल्यावर आच मोठी ठेवली तरी आतलं तापमान वाढत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून दहा मिनिटं ठेवावं. कुकरच्या एका डब्यात डाळ, दुसऱ्यात भात, जागा उरली तर एखादं अंडं किंवा बटाटा.

पन्नास ग्रॅम तूरडाळीत जवळपास 11 ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, कमी पडतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते ज्वारी भरून काढते. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं. भाकरी थापायला वेळ नसेल तर विकत आणा, पण ज्वारीची आणा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 2018 मध्ये दिलेल्या 'परभणी शक्ती' या वाणात तर लोह आणि जस्तही जास्त आहे. धान्या-डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं, म्हणून ताटात बसल्यावर लिंबू पिळावं. फोडणीत नको, उष्णतेनं ते जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको. त्यातले टॅनिन नावाचे तुरट पदार्थ लोहाला धरून ठेवतात. मुलींनी हे जास्त सांभाळावं असं मला मनापासून वाटतं.

रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा असेल, तर खोलीत फ्रिज आहे का हे आधी बघा. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंही मरत नाहीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भात रात्रभर बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा परतलं तरी ते विष जात नाही. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरताच भात लावावा.

आणि डाळ लावायलाही वेळ नसेल त्या दिवशी येसर, म्हणजे आमटीचं तयार पीठ. धान्य, डाळ आणि मसाले आधीच भाजून दळलेले असल्यामुळं पीठ कच्चट लागत नाही, आमटी पाच-सात मिनिटांत होते. फक्त येसर आधी गार पाण्यात कालवावं. उकळत्या पाण्यात कोरडंच टाकलं तर बाहेरचा स्टार्च लगेच फुगून चिकट होतो, आत पाणी पोचत नाही आणि गुठळ्या होतात. लसूण-जिऱ्याची फोडणी, पाणी, मीठ, वरून कालवलेलं येसर, एक उकळी.

दिवाळीनंतर भाचीच्या पिशवीत किलोभर येसर दिलं. संक्रांतीला तिनं पुन्हा मागितलं. खोलीतल्या दुसऱ्या दोघीही आता तेच खातात म्हणाली.